सारंगी की व्हायोलिन? रोजच्या चाळीस मिनिटांचा हिशेब

पत्र :
मी इचलकरंजीत माध्यमिक शाळेत शिकवते. वय ५१. गाण्याची मध्यमा पूर्ण झाली, पुढच्या परीक्षा संसारात राहिल्या, पण रियाज सुटला नव्हता. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. बोलता येतं, पण वरचा सा लागत नाही आणि खाली उतरलं की नुसती हवा. डॉक्टर म्हणतात, आता एवढाच. गाणं सोडवत नाही, म्हणून गजाचं, म्हणजे केसांची काठी तारेवर घासून वाजवायचं वाद्य शिकायचं ठरवलंय. मला सारंगी हवी आहे, ती ऐकली की काळजात कालवतं. मुलगा म्हणतो व्हायोलिन घे. भजनी मंडळातल्या मैत्रिणी दिलरुबा सुचवतात, स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे असतात म्हणून सोपा. पुण्याची भाची चेलोच्या, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातल्या मोठ्या वाद्याच्या, मागे लागली आहे. आणि दीर म्हणतात, सारंगी बायकांचं वाद्य नाही आणि व्हायोलिन आपलं नाही. रात्री मागचं आवरून झालं की मला चाळीस मिनिटं मिळतात. मांडी घालून बसता येतं. घरात माझा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत लागणारा, तंबोरा आहे, तो आता विकून टाकू का?
– स्वरा (नाव बदललं आहे)

उत्तर :
स्वराताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. व्हायोलिन घ्या.

हे लिहिताना मला जड जातंय. तुमचं मन सारंगीत आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं आणि माझंही एकेकाळी तिथेच होतं. तुमचा कान चुकलेला नाही, हे सगळ्यात आधी सांगायला हवं. ज्याचा गळा गाणारा होता त्याला सारंगी ओढून घेणारच. एकसंध लाकूड कोरून केलेलं ते वाद्य, पोटावर बकऱ्याचं कातडं, वाजवायच्या तीन तातेच्या (आतड्याच्या) तारा आणि त्यांच्या खाली पस्तीस-सदतीस तरफा, म्हणजे वरच्या तारेच्या स्वराबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा. डाव्या हाताची बोटं तार दाबत नाहीतच. नखाच्या मुळाशी, जिथे नख संपून कातडी सुरू होते, ती जागा तारेला बाजूने लावायची आणि सरकवायची. मध्ये पडदा नाही, दाबायला पट्टी नाही. म्हणून एका स्वरातून दुसऱ्यात जाताना गळा जसा जातो तशी ती जाते, कुठेही सांधा न दिसता. खालच्या तरफा आपल्या आपण बोलत राहतात आणि देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखं वाटतं.

गाणं आणि सारंगी यांचं नातं तर फार जुनं आहे. तुमच्या शेजारच्या मिरजेत ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला त्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची मुळंच सारंगीत आहेत. गायक अमीर खाँसाहेबांचे वडील सारंगीये होते. आणि आपल्या नाट्यसंगीतात बालगंधर्वांच्या गाण्यामागे कादरबक्ष यांची सारंगी होती, तिरखवाँसाहेबांच्या तबल्याबरोबर. पुढे साथीची जागा पेटीने घेतली. मग पं. रामनारायण यांनी साथीची बैठक सोडून सारंगीला एकटीनं मंचावर बसवलं. ते उदयपूरकडचे, पण १९४९पासून मुंबईचेच झाले आणि २०२४ साली मुंबईतच गेले.

तेव्हा दिरांना पहिल्या अर्ध्या वाक्याचं उत्तर इथेच देऊन टाका. पं. रामनारायण यांच्या कन्या अरुणा नारायण यांनी वडिलांकडून शिकून सारंगीच्या मैफली केल्या आहेत. सारंगीवर बाईचा हात चालत नाही, हे नखाला ठाऊक नाही, तारेलाही नाही. ज्या काळात सारंगी कोठ्यावरच्या गाण्याची सोबतीण होती, त्या काळाने वाद्यालाही आणि गाणाऱ्या बायकांनाही जे नाव ठेवलं, ते अजून घराघरात उरलंय, एवढंच.

मग सारंगी का नको?

एकोणतिसाव्या वर्षी मी दीड वर्ष सारंगी शिकले. व्हायोलिन तेव्हा बरं वाजत होतं, त्यामुळे गज हातात बसलेला होता. नखांच्या मुळाशी पहिले दोन-तीन महिने रक्त आलं, मग घट्टे पडले, बोट सरकावं म्हणून पावडर लावायला शिकले. दुखणं सोसता आलं. सोसलं नाही ते जुळवणं. गुरुजींकडे गेलं की ते माझ्या आधी अर्धा तास तरफा लावत बसत. घरी मला पाऊण तास लागायचा. राग बदलला की तरफांचे स्वर बदलायचे. पावसाळ्यात कातडं ओल धरून सैलावलं की सगळा आवाजच बसायचा. मी नोकरी करत होते. रात्री नऊला वाद्य काढायचं, पावणेदहापर्यंत खुंट्या पिळायच्या आणि पहिला सा लावायचा तेव्हा डोळे मिटायला लागलेले असायचे. एके दिवशी लक्षात आलं की आठवडाभरात मी तास-दीड तासच वाजवलंय, बाकी सगळा वेळ जुळवलंय. मी रडले आणि थांबले. आजही कुठे सारंगी लागली की मी हातातलं काम टाकून बसते.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणून मला ते चाळीस मिनिटांचं वाटलं. वाद्य निवडताना लोक आवाज बघतात, किंमत बघतात, सोपं-अवघड विचारतात. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारते, रोज किती वेळ खरंच मिळतो, आणि त्यातला किती वेळ गजाखाली स्वर असेल? व्हायोलिनच्या चार तारा. बारीक जुळणीचे स्क्रू लावून घेतले तर दोन मिनिटांत वाद्य तयार. अडतीस मिनिटं तुमची. सारंगीला आयुष्य द्यावं लागतं, आणि ते देणारी माणसं सकाळपासून तेच करतात. निवृत्तीनंतर सगळा दिवस मोकळा झाला आणि आठवड्यातून एकदा समोर बसवणारे गुरू मिळाले, तर पुन्हा विचार करा. तोवर गज चालवायची सवय झालेली असेल, ती तिथे उपयोगी पडेल. सारंगी ऑनलाइन शिकण्याच्या भरीला मात्र पडू नका. नखाची जागा गुरूने बोट धरून दाखवावी लागते.

दिलरुब्याबद्दल तुमच्या मैत्रिणी अर्ध्या बरोबर आहेत. अठरा-एकोणीस पडदे असतात, चार मुख्य तारा, खाली तरफा, गज तोच. पंजाबात गुरबानीच्या कीर्तनात तो आजही वाजतो. बंगालातला त्याचा भाऊ इसराज शांतिनिकेतनात घरचा झाला. आवाज गोड, किंचित सानुनासिक, अभंगाला फार शोभणारा. पडदे असले तरी बोट त्यांच्यावरून सरकतं, म्हणून मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात सरकत जाणं, निघते. पडद्यांचा उपयोग एवढाच की गंधार कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. पण तुम्हाला गंधार कुठे आहे हे दाखवायची गरज आहे का? इतकी वर्षं तुम्ही तो गळ्याने लावत आलात. कान कच्चा असलेल्या नवशिक्याला पडदा हात धरून नेतो. तुम्हाला तो पहिले सहा महिने बरा वाटेल. पुढे बोल-ताना घ्यायला लागलात की तुमचा हात पडद्यांच्या ओळीवर रेंगाळेल, कारण दिलरुब्यावर जलद आणि स्वच्छ वाजवणं हे फार मुरलेल्या हाताचं काम आहे. शिवाय त्यालाही कातडं आहे, त्यालाही तरफा आहेत, सारंगीपेक्षा कमी, पण आहेत. फक्त अभंग आणि संथ धून एवढंच मागणं असतं तर मी तुम्हाला डोळे मिटून दिलरुबाच सांगितला असता. तुम्हाला मात्र, मला वाटतं, बंदिशी वाजवायच्या असतील, न गायलेल्या आणि अर्ध्या राहिलेल्या.

भाचीला चेलोबद्दल शाबासकी द्या, तिचा कान चांगला आहे. चेलोच्या स्वरांचा पल्ला पुरुषी आवाजाच्या जवळ जातो आणि चेलोवादक सास्किया राव-द हास यांनी तर हिंदुस्थानी संगीतासाठी पाच तारांचा, मांडी घालून वाजवता येणारा चेलो घडवून घेतला. पण तुमच्या भागात त्यावर यमन शिकवणारा माणूस शोधायला निघालात तर वर्ष जाईल, आणि तो घेऊन एसटीत चढायचं म्हणजे दुसरं तिकीट.

आता ‘व्हायोलिन आपलं नाही’ याबद्दल. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून, म्हणजे दोनशे वर्षं, ते कर्नाटक संगीताच्या मांडीवर बसलेलं आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरं ते शिकली आणि तिथूनच मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांना वादक मिळाले. आपल्याकडे गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही तेवढ्याच तयारीने वाजवायचे. व्ही. जी. जोग बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईशेजारी ते घेऊन बसले. गोव्याचे श्रीधर पार्सेकर, मग डी. के. दातार. आणि ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून ज्यांना मराठी घरं ओळखतात ते प्रभाकर जोग. त्यांच्या व्हायोलिनवर भावगीत लागलं की शब्द आपोआप ओठावर येतात, हा अनुभव तुमच्या दिरांनीही घेतला असेल. तुमच्यासाठी मी आणखी एक नाव घेईन : एन. राजम. घरात कर्नाटक शिकलेल्या या बाईंनी पं. ओंकारनाथ ठाकूरांकडे गाणं शिकून ते जसंच्या तसं व्हायोलिनवर उतरवलं. गळ्यातून हातात नेण्याची जी वाट तुम्ही शोधताय ती त्यांनी आधीच चालून ठेवली आहे. त्यांचा एखादा विलंबित ख्याल लावा आणि गज कुठे पालटतो तेवढंच ऐका. गायिका श्वास घेईल तिथेच पालटतो.

इथे तुमची शिल्लक कामाला येईल. नवा मुलगा गज इकडून तिकडे करवतीसारखा ओढतो, कारण वाक्य कुठे संपतं हे त्याला कळत नाही. तुम्हाला मुखडा कुठे उचलायचा, समेवर किती वजन द्यायचं, कुठे दम राखायचा हे ठाऊक आहे. गज म्हणजे तुमचा दम आहे असं समजा. अर्धा गज संपला आणि ओळ संपली नाही, तर गाताना जे करायचात तेच करा, आधीपासून कमी खर्च करा.

पण पहिलं वर्ष तुम्हाला मुलांपेक्षा जास्त जड जाईल, हे मी लपवणार नाही. आठ वर्षांच्या पोराला आपण बेसूर वाजतोय हे ऐकूच येत नाही, म्हणून ते आनंदात वाजवतं. तुमचा कान विशारदचा, म्हणजे वरच्या परीक्षेचा, आणि हात प्रारंभिकचा, म्हणजे अगदी पहिल्या परीक्षेचा असेल. प्रत्येक स्वर दोन श्रुती खाली लागलेला तुम्हाला कळेल आणि जीव नकोसा होईल. माझ्याकडे आलेल्या गाणाऱ्या बायकांपैकी ज्यांनी सोडलं त्या बहुतेक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, याच कारणाने. म्हणून पहिले तीन महिने डाव्या हाताला सुट्टी द्या. फक्त मोकळ्या तारांवर लांब गज. खर्ज लावायचात ना पहाटे, तसाच.

त्या गजाखाली काय घडतं ते समजून घेतलंत तर चिडचिड कमी होईल. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे, त्यांना राळ लावलेली. राळ तारेला चिकटून ओढत नेते, ताण वाढला की तार निसटते, लगेच पुन्हा चिकटते. तुमच्या काळी चारच्या षड्जाला हे सेकंदाला सुमारे २०८ वेळा घडतं आणि दर वेळी तितक्याच नेमाने घडलं तर स्वर निघतो. गज फार दाबलात तर तार सुटायला उशीर होतो आणि खरखर येते. फार हलका धरलात तर चिकटतच नाही, शीळ येते. घोडीपासून, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्यापासून, गज किती लांब, किती जोर, किती वेग, या तिन्हींचा मेळ हाताला आपोआप सापडतो, डोक्याने नाही. त्याला तीन महिने लागतातच. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी दार लावून घेतलं तर तुम्ही मनाला लावून घेणार नाही.

शिक्षक निवडताना एकच पाहा. त्यांच्या वर्गात एकदा नुसतं बसा आणि ते शिकवताना गातात का ते ऐका. आवाज चांगला नसला तरी चालेल. जो शिक्षक ‘नि रे ग’ म्हणून दाखवतो आणि मग वाजवतो, त्याच्याकडे जा. जो फक्त पहिलं बोट, दुसरं बोट असं सांगतो, त्याच्याकडे तुमचं मन रमणार नाही. व्हायोलिनचे शिक्षक सांगली-कोल्हापूरकडे मिळतील. पहिले चार-पाच महिने समोरासमोरच शिका, मग अधूनमधून ऑनलाइन चालेल. बैठक भारतीय घ्या : मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर, बूड छातीच्या वर खांद्याशी. असं बसलं की मान आणि हनुवटी मोकळी राहते आणि डावा हात वाद्य सावरण्यात अडकत नाही, मींड घ्यायला सुटा राहतो. परीक्षेचा फॉर्म दोन वर्षं भरू नका. मध्यमा झालेल्या माणसाने प्रारंभिकला बसणं मनाला टोचतं, आणि तुम्हाला प्रमाणपत्र नकोच आहे.

खरेदीबद्दल थोडं सांगते, कारण मी यात पोळलेली आहे. माझं पहिलं व्हायोलिन एका दुकानातून खोक्यात बंद आलं तसं घेतलं. तारा फिंगरबोर्डपासून इतक्या उंच होत्या की बोटांच्या टोकांना भेगा पडल्या आणि मला वाटलं आपल्यातच जोर नाही. सहा महिन्यांनी एका वयस्कर वादकांनी घोडी घासून बसवून दिली, दहा मिनिटांचं काम. त्याच दिवशी माझा मध्यम सुरात लागला. तेव्हा इंटरनेटवरून खोकं मागवू नका. शिक्षकाला बरोबर न्या, मोठ्या माणसाला पूर्ण मापाचं, म्हणजे फोर-बाय-फोर म्हणतात ते, आणि घोडी, खुंट्या, तारांची उंची तिथेच बसवून घ्या. गज आणि पेटीसकट दहा-पंधरा हजारांत शिकण्याजोगं वाद्य मिळतं. चारही तारा एकदम कधी सैल करू नका. आत एक छोटी उभी काठी नुसत्या दाबावर उभी असते, ती पडली तर आवाज मेल्यासारखा होतो. वाजवून झालं की गजाचा ताण सोडा, केसांना बोट लावू नका. राळेची नवी वडी गुळगुळीत असते, ती आधी कागदाने खरवडा, नाहीतर गज फिरेल आणि आवाजच येणार नाही. पावसात तुमच्याकडे खुंट्या फुगतात. त्यांना जोराने पिळायच्या आधी वाद्य रात्रभर कोरड्या कपाटात ठेवून बघा.

राहिला तंबोरा. विकू नका.

व्हायोलिनला तरफा नाहीत, एकट्याने वाजवलं की ते कोरडं लागतं, विशेषतः तरफांच्या ओढीने आलेल्या माणसाला. त्याला मागे तंबोरा हवा. आणि तुमचा काळी चारचा आहे, ही तर नशिबाची गोष्ट. हिंदुस्थानी वादक सहसा तारा प-सा-प-सा अशा लावतात, काळी एक किंवा पांढरी दोनला सा धरून, म्हणजे मंद्रातला, खालच्या सप्तकातला पंचम हाताशी राहतो. तुमचे शिक्षकही पुढे तसंच लावायला सांगतील आणि ते बरोबर असेल. पण पहिलं वर्षभर त्यांना विनंती करा की माझ्या पट्टीत लावून द्या. पाश्चात्य जुळणीतल्या चारही तारा फक्त अर्ध्या स्वराने हलवायच्या, जाड दोन चढवायच्या, बारीक दोन उतरवायच्या, की काळी चारमध्ये सा-प-सा-प होतं, दाक्षिणात्य लावतात तसं. साखालचे स्वर या जुळणीत मिळणार नाहीत, म्हणून मंद्रात उतरणाऱ्या बंदिशी थांबवून ठेवा. पण भजनी मंडळात बहुतेक जणी याच पट्टीत गात असतील, तर त्यांच्या शेजारी बसून अभंग वाजवता येईल. आणि सगळ्यात जाड, मोकळी तार म्हणजे तुमच्या गळ्याचा सा. त्याच उंचीचा, तीन वर्षांपूर्वीचा.

पुढच्या रविवारी तंबोरा गवसणीतून काढा आणि मिरजेला घेऊन जा. तिथल्या सतारमेकर मंडळींच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण जवारी काढण्यात, म्हणजे तारेचा झंकार खुलावा म्हणून घोडी घासून नीट करण्यात, त्यांचा हात त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. तीन वर्षं बंद असलेल्या तंबोऱ्याची जवारी नक्की गेलेली असेल. ती काढून घ्या, जोडीच्या तारा बदलून घ्या, आणि व्हायोलिन घरी येईपर्यंत रात्रीच्या त्या चाळीस मिनिटांत नुसता तो छेडत बसा.